दिव्याचें तेल आणि एंजिनाचें तेल

डीझेल एंजिनाच्या जन्माची हकीकत सांगतांना एक गोष्ट हटकून सांगण्यांत येते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रज्ञानें आपलें एंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालावें म्हणूनच निर्माण केलें, आणि पुढें खनिज तेलाच्या व्यापाऱ्यांनीं तें त्याच्या हातून हिरावून घेऊन आपल्या मालाला जुंपलें, अशी ती गोष्ट आहे. ती ऐकावयास गोड आहे, आणि म्हणूनच टिकून राहिली आहे. परंतु तिला इतिहासाचा आधार नाहीं. सन १८९३ च्या ऑगस्ट महिन्यांत ऑग्सबर्ग येथील कारखान्यांत त्या एंजिनाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हां डीझेलचें सारें लक्ष निराळ्याच चिंतेवर खिळलेलें होतें. वाफेच्या एंजिनांत जाळलेल्या कोळशाची बहुतेक उष्णता फुकट जात असे. ती वांचवावी कशी, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. नळकांड्यांत हवा इतकी दाबावी कीं त्या दाबानेंच ती कमालीची तापावी, आणि तींत सोडलेलें इंधन ठिणगीवांचून आपोआप पेटावें, हें त्यानें शोधलेलें उत्तर होतें. इंधन कोणतें, हा विचार त्यामागून येणारा. कोळशाची भुकटी वापरून पाहण्याचाही त्याचा मनसुबा होता. १८९७ च्या फेब्रुवारींत प्रोफेसर श्रोटर यांनीं त्या एंजिनाची रीतसर मोजणी केली आणि इंधनांतील उष्णतेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग प्रत्यक्ष कामीं येतो असें ठरविलें. त्या दिवशीं एंजिनांत होतें तें दिव्यांत जाळावयाचें साधें खनिज तेल.

मग शेंगदाणा आला कोठून? तो आला सन १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांतून. तेथें ऑटो कंपनीनें मांडलेलें एक लहानसें डीझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यांत आलें, आणि तें इतकें सुरळीत चाललें कीं त्यांतील इंधन निराळें आहे हें फारच थोड्या प्रेक्षकांच्या लक्षांत आलें. ही हकीकत खुद्द डीझेलनेंच पुढें १९१२ सालीं सांगितली, आणि प्रयोगामागील प्रेरणा कोणाची होती हेंही त्यानें लपविलें नाहीं. ती प्रेरणा फ्रेंच सरकारची होती. फ्रान्सच्या आफ्रिकेंतील वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असे. कोळसा आणि खनिज तेल मात्र तेथें दूरदेशाहून न्यावें लागे. तेथल्या तेथें पिकणाऱ्या तेलावर तेथल्या तेथें एंजिनें चालावींत, असा तो हिशेब होता. आपल्या पाँडिचेरीहून मार्सेयच्या साबणाच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या भुईमुगामुळें फ्रेंच व्यापाऱ्यांस या दाण्याची ओळख आधींच होती. तेव्हां वनस्पतितेलावर यंत्र चालविण्याची कल्पना प्रथम पुढें आली ती शेतकऱ्याच्या कळवळ्यानें नव्हे, आणि हवा शुद्ध राहावी म्हणूनही नव्हे. ती वसाहतींच्या कारभाऱ्यांच्या जमाखर्चांतून आली. हा आरंभ ध्यानांत ठेवला म्हणजे या इंधनाचा पुढील सव्वाशें वर्षांचा इतिहास पुष्कळसा उलगडतो.

डीझेलनें नंतर स्वतः हे प्रयोग करून पाहिले. आज क्षुल्लक वाटणाऱ्या या तेलांना कालांतरानें खनिज तेलाइतकें महत्त्व येऊं शकेल, असें त्याचें मत झालें होतें. परंतु त्यानंतर त्याला फारसे दिवस लाभले नाहींत. १९१३ च्या सप्टेंबरअखेर अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ नांवाच्या आगबोटीवरून तो एका रात्रींत नाहींसा झाला. त्याच्या मृत्यूभोंवतीं ज्या अनेक कथा रचल्या गेल्या त्यांचा या विषयाशीं संबंध नाहीं.

प्रदर्शनांत एंजिन चालणें ही एक गोष्ट, आणि तेंच एंजिन वर्षानुवर्षें ओझीं ओढीत राहणें ही दुसरी. कच्चें वनस्पतितेल खनिज डीझेलच्या मानानें दसपटीनें, किंबहुना त्याहूनही अधिक घट्ट असतें. तोटींतून त्याचा बारीक फवारा उडावयास हवा, तेथें जाड थेंब पडतात. ते अर्धवट जळतात. तोटीच्या तोंडाशीं आणि दट्ट्याच्या कड्यांभोंवतीं काजळीची खरपुडी धरते. न जळलेला अंश खालीं झिरपून वंगणांत मिसळतो आणि वंगण डिंकासारखें होऊं लागतें. जवसाचें तेल उघडें राहिलें कीं त्यावर साय धरते हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना एंजिनाच्या पोटांत काय होत असेल हें निराळें सांगावयास नको.

या घट्टपणाचें कारण तेलाच्या घडणींतच आहे. तेलाच्या प्रत्येक अणुसमूहांत ग्लिसरीनचा एक लहानसा कणा असतो आणि त्याला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या जोडलेल्या असतात. त्या एकमेकींत गुंतून राहतात. त्या कण्यापासून सोडवून प्रत्येक शेपटीला अल्कोहोलचा एक लहान तुकडा जोडला तर तेल पातळ होतें आणि त्याचा पातळपणा जवळजवळ खनिज डीझेलच्या पंक्तीला येऊन बसतो. क्रिया अगदीं साधी आहे. शंभर किलो स्वच्छ तेलांत सुमारें दहा किलो मिथाइल अल्कोहोल आणि थोडा कॉस्टिक सोडा मिसळून तें साठ अंशांच्या आसपास ऊन ठेवून ढवळीत राहावें. कांहीं वेळानें ढवळणें थांबविलें कीं जड ग्लिसरीन तळाशीं बसतें व वर हलका, सोनेरी रंगाचा द्रव तरंगतो. तो धुवून, सुकवून घेतला म्हणजे झालें बायोडीझेल. शंभर किलो तेलाचें जवळजवळ शंभर किलोच इंधन मिळतें आणि दहा किलोंच्या आसपास ग्लिसरीन हातीं येतें.

ही क्रिया इंधनासाठीं प्रथम योजिली ती ब्रसेल्सच्या विद्यापीठांतील शाव्हान या रसायनज्ञानें. ३१ ऑगस्ट १९३७ रोजीं त्याला बेल्जियमचें ४,२२,८७७ क्रमांकाचें पेटंट मिळालें. त्यानें मिथाइल अल्कोहोलाऐवजीं साधें मद्यार्काचें अल्कोहोल घेतलें होतें आणि तेल घेतलें होतें तें पामचें. पुढील उन्हाळ्यांत, १९३८ सालीं, ब्रसेल्सहून लूव्हेनला जाणारी एक प्रवासी बस या इंधनावर चालविण्यांत आली व ती समाधानकारक चालली. आज जगांतील कारखान्यांतून बायोडीझेल म्हणून जें बाहेर पडतें त्याचा आद्य नमुना तोच होय. ज्या सभांतून या इंधनाचा गौरव होतो तेथें डीझेलच्या शेंगदाण्याची कथा दहादां निघते, आणि शाव्हानचें नांव मात्र क्वचितच घेतलें जातें.

पण त्या बसचें तेल जेथून येत होतें त्या देशाकडे वळल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाहीं. पाम बेल्जियममध्यें पिकत नाहीं. तें कांगोंत पिकतें. कांगो १९०८ सालीं बेल्जियमच्या राज्याची वसाहत बनला, आणि १९११ सालीं लीव्हर या इंग्रज साबणवाल्याच्या कंपनीला पामच्या रानांचे विस्तीर्ण टापू सवलतीनें देण्यांत आले. उंच झाडावर चढून फळांचे घोंस तोडण्याचें काम तेथील रहिवाशांच्या वांट्यास आलें. कर रोख पैशांत भरावा लागे आणि रोख पैसा मिळविण्याचा मार्ग फळें तोडणें हाच. जागतिक मंदीच्या काळांत फळांच्या पेटीचा भाव उतरला, कर मात्र उतरला नाहीं. १९३१ सालीं क्वांगो भागांतील पेंडे लोकांनीं बंड केलें. त्यांत एक बेल्जियन अधिकारी मारला गेला, आणि बंड मोडण्यासाठीं आलेल्या सैन्यानें पांचशेंहून अधिक पेंडे माणसें ठार केलीं. ब्रसेल्सची ती बस धांवली त्यापूर्वीं अवघीं सात वर्षें. तेलाची रासायनिक अडचण शाव्हाननें सोडविली होती. तेल कोणाच्या जमिनींतून आणि कोणाच्या श्रमांतून यावयाचें, हा प्रश्न त्या पेटंटांत नव्हता. तो पुढच्या पिढ्यांसाठीं तसाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धानें सर्वांनाच तेलाची टंचाई शिकविली. खनिज तेलाच्या वाटा बंद झालेल्या चीननें तुंग आणि इतर तेलें भट्टींत तापवून त्यांचें पेट्रोल व डीझेल काढलें. ब्राझीलनें सरकीच्या तेलाची निर्यात बंद केली, कारण तें घरच्या एंजिनांत हवें होतें. आपल्याकडे पेट्रोलवर नियंत्रण आलें, मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लटकल्या, आणि १९४२ सालीं हिंदुस्थानांतील वनस्पतितेलांवर डीझेल एंजिनें चालवून पाहिल्याचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. याच काळांत अमेरिकेंतील कारखानदारांनीं शाव्हानच्या क्रियेच्याच जातीचीं पेटंटें घेतलीं. त्यांना हवें होतें तळाशीं बसणारें ग्लिसरीन. ग्लिसरीनपासून स्फोटक द्रव्य बनतें, आणि युद्धांत त्याला सोन्याचा भाव असतो. वर तरंगणाऱ्या द्रवाचा त्यांनीं साबण केला. एकाच पातेल्यांतील साय आणि साका यांपैकीं मोलाचें कोणतें, तें काळ कसा ठरवितो याचें हें एक गमतीचें उदाहरण आहे.

युद्ध संपलें, अरबस्तानांतील विहिरींचें तेल स्वस्त झालें, आणि हे सारे प्रयोग कपाटांत गेले. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें आणि कांहीं महिन्यांतच भाव चौपट झाले, तेव्हां तीं कपाटें पुन्हां उघडण्यांत आलीं. वर्णद्वेषी राजवटीमुळें जगाचा रोष ओढवून घेतलेल्या दक्षिण आफ्रिकेला इराणनें १९७९ सालीं तेल देणें बंद केलें. तेथील कृषियंत्रज्ञांनीं सूर्यफुलाच्या तेलावर हाच प्रयोग करून ट्रॅक्टर चालविले. ऑस्ट्रियांत १९८५ सालीं झिल्बरबेर्ग येथील शेतकी शाळेंत एक लहान प्रायोगिक कारखाना उभा राहिला, १९८९ सालीं डॅन्यूबकांठच्या आशाख गांवीं मोठा कारखाना सुरू झाला, आणि १९९१ सालीं त्याच देशानें या इंधनाचें पहिलें प्रमाण ठरविलें. यांत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. ऑस्ट्रियाच्या शेतकऱ्यांजवळ मोहरीच्या जातीचें रेप नांवाचें पीक विकून उरण्याइतकें होतें; त्यांना गिऱ्हाईक हवें होतें. जेथें पोटाला पुरून तेल उरतें तेथें हा धंदा सुखानें रुजतो.

हिंदुस्थानाची स्थिति नेमकी उलटी. या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून मोठा हिस्सा परदेशांतून येतो. दरवर्षीं दीड कोटी टनांहून अधिक तेल आयात होतें. डीझेलचा खप वर्षाला सुमारें नऊ कोटी टन आहे. देशांत खाल्लें जाणारें सारें तेल, घरचें आणि बाहेरचें, एंजिनांत ओतलें तरी त्या खपाचा तिसरा हिस्साही भागणार नाहीं. म्हणून येथें अखाद्य तेलांकडे नजर वळणें स्वाभाविक होतें, आणि आपल्या प्रांतीं त्या तेलांची वाण नव्हतीच. रॉकेलचे डबे खेडोपाडीं पोंचण्यापूर्वीं देशावरील घरांत समयांतून व पणत्यांतून करंजेल आणि एरंडेल जळत असे. कोंकणच्या किनाऱ्यावर उंडीचें कडू तेल दिव्यांतही जाई आणि होड्यांच्या लांकडालाही चोपडलें जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रॉकेल आलें, त्याचा प्रकाश अधिक आणि दगदग कमी. करंज रस्त्याच्या कडेला सावलीपुरता उरला. रॉकेलनें जें तेल दिव्यांतून हांकलून दिलें, त्यालाच रॉकेलच्या भावंडाची जागा घ्यावयास बोलावणें, असा हा एकविसाव्या शतकाचा बेत होता.

परंतु बोलावणें आलें तें करंजाला नव्हे. योजना आयोगानें नेमलेल्या समितीनें एप्रिल २००३ मध्यें आपला अहवाल दिला आणि मोगली एरंडाची निवड केली. हें झुडूप अमेरिका खंडांतून आलेलें. शेळ्या त्याला तोंड लावीत नाहींत म्हणून आपले शेतकरी तें कुंपणाला लावीत आले होते. कुंपणावरचें झुडूप पीक म्हणून शेतांत नेतांना समितीनें दर हेक्टरीं पावणेचार टनांच्या आसपास बी मिळेल असें गृहीत धरलें. पहिल्या टप्प्यांत चार लाख हेक्टरांवर लागवड करावयाची, आणि २०११-१२ पर्यंत डीझेलमध्यें वीस टक्के मिश्रण करावयाचें, असा तो संकल्प होता. नव्या वर्षाच्या स्वागताप्रमाणें, ३१ डिसेंबर २००२ रोजीं, दिल्लीहून अमृतसरला जाणारी शताब्दी एक्स्प्रेस पांच टक्के मिश्रणावर चालवून झालीच होती. पुढें परदेशी कंपन्याही या झुडपामागें लागल्या. २००७ सालीं एका प्रसिद्ध ब्रिटिश तेल कंपनीनें त्यासाठीं भागीदारी केली आणि दोनच वर्षांत ती अंगाबाहेर टाकली.

चूक कोठें झाली हें आतां स्पष्ट दिसतें. गहूं-ज्वारीला हजारों वर्षांची निवड लाभली आहे. निवडक बी राखून ठेवणाऱ्या असंख्य हातांनीं तीं पिकें घडविलीं. मोगली एरंड मात्र रानटीच राहिलेला. एका झाडाला शेंगा लगडाव्या तर शेजारच्याला चार फळें. सर्व फळें एकदम पिकत नाहींत, म्हणून मजुरानें त्याच झाडाकडे पुनःपुन्हां जावें. झाड कोरड्या माळावर जगतें हें खरें. पण जगणें आणि पिकणें यांत फरक आहे. मुरमाड कोरडवाहू जमिनींत अनेक ठिकाणीं हेक्टरीं टनभरही बी आलें नाहीं, आणि जेथें पाणी व खत दिलें तेथें तेंच पाणी घेऊन दुसरें पीक अधिक पैसे देतें हें शेतकऱ्याला कोणीं शिकवावें लागलें नाहीं. २००५ सालीं सरकारनें खरेदीचा भाव लिटरला २५ रुपये ठरविला. बी वेंचून, गाळून, शुद्ध करून तितक्यांत इंधन देणें कारखान्यांस परवडेना. २००९ च्या धोरणानें वीस टक्क्यांची मुदत २०१७ पर्यंत लांबविली. २०१८ च्या धोरणानें २०३० पर्यंत पांच टक्के एवढेंच ध्येय ठेवलें. प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्यापर्यंतही गेलेलें नाहीं.

आणि ‘पडीक’ हा शब्द. सरकारी दप्तरांत जी जमीन पडीक, ती गांवच्या दृष्टीनें बहुधा गायरान असते. तेथें गुरें चरतात, सरपण मिळतें, पावसाळ्यांत रानभाज्या मिळतात. शेळीनें तोंड न लावण्याचें झाड तेथें लावलें म्हणजे शेळी राखणाऱ्याच्या घरांत काय उणें पडतें, तें हेक्टरांच्या तक्त्यांत दिसत नाहीं. ‘अखाद्य’ या शब्दाचेंही तसेंच आहे. अखाद्य तेलांच्या यादींत मोहाच्या बियांचें तेल बहुतेक ग्रंथांत आढळतें; पण सातपुड्यांत आणि गडचिरोलीच्या रानांत तें आदिवासींच्या जेवणांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. शहरांत बसून यादी करणाऱ्यांस जें खाववत नाहीं तें अखाद्य ठरलें, एवढाच त्याचा अर्थ. करंज आणि उंडी खरोखरच कडू आहेत, आणि त्यांच्या बाबतींत हा आक्षेप येत नाहीं. त्यांची अडचण वेगळी आहे. झाडें विखुरलेलीं, बी उन्हातान्हांत वेंचावयाचें, आणि साठवणींत तेल खवट व्हावयाचें. खवट तेलांत सुट्या आम्लांचें प्रमाण वाढतें. कॉस्टिक सोडा घातला कीं त्यांचा साबण बनतो, आणि इंधनाऐवजीं पातेल्यांत फेसाळ चिकटा उरतो. त्यासाठीं आधीं गंधकाच्या तेजाबानें एक संस्कार करून घ्यावा लागतो, म्हणजे खर्च वाढतो.

जमिनीच्या या तंट्यांतून सुटका करणारें एक तेल आहे, तें म्हणजे तळून उरलेलें. त्यासाठीं नवें शेत लागत नाहीं. ऑस्ट्रियांतील ग्राट्झ शहरानें १९९४ सालापासून आपल्या बसगाड्यांत तळणाच्या तेलाचें डीझेल घालण्यास आरंभ केला. शहरांतील घरें आणि खाणावळी हेंच त्या तेलाचें उगमस्थान. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणानें १ जुलै २०१८ पासून नियम केला कीं वारंवार तापून ज्या तेलांत विघटित द्रव्यांचें प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेलें आहे तें खाण्यास वापरूं नये, आणि त्याच वर्षीं असें तेल गोळा करून त्याचें इंधन करण्याची योजना सुरू झाली. वर्षाला २२० कोटी लिटर तेल मिळूं शकेल असा अंदाज तेव्हां प्रसिद्ध झाला. एवढें सारें मिळालें तरी तें डीझेलच्या खपाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. प्रत्यक्षांत जमा झालें तें त्याहून फारच थोडें. युरोपांत तर या तेलाला इतका भाव आला कीं आशियांतून येणारें नवें पामतेलच ‘वापरलेलें’ म्हणून विकलें जात असल्याचा संशय तेथील सरकारांना येऊं लागला. टाकाऊ वस्तूला किंमत आली कीं तिची नक्कल होऊं लागते.

आपल्या घरांतील तळणाचें तेल तर टाकाऊ होतच नाहीं. दिवाळीच्या चकल्या-शेवेनंतर कढईंत उरलेलें तेल गाळून बरणींत जातें आणि फोडणीला संपतें. मोठ्या उपाहारगृहांचें तेलही आजवर नाल्यांत फारसें गेलें नाहीं. तें साबणवाल्यांनीं, फरसाणाच्या लहान कारखान्यांनीं आणि हातगाडीवाल्यांनीं विकत घेतलें, आणि त्याच काळ्या तेलांत पुन्हां भजीं तळलीं गेलीं. १ मार्च २०१९ पासून रोज पन्नास लिटरांहून अधिक तेल तळणासाठीं वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंदवही ठेवावी लागते. पन्नासांच्या आंतील दुकानदाराला ती वही नाहीं. त्याच्या दारीं रात्रीं दोन गिऱ्हाइकें येतात, एक बायोडीझेलच्या कारखान्याचा माणूस आणि एक हातगाडीवाला. दोघांपैकीं ज्याचा भाव रुपयानें अधिक, त्याच्या डब्यांत तेल जातें.